मधुमेहाचे नेत्रविकार आणि संशोधनाचे यांत्रिक वाचन

मधुमेहामुळे डोळ्यांच्या दृष्टिपटलावर, म्हणजे बोलीभाषेतील डोळ्याच्या पडद्यावर, होणाऱ्या दुष्परिणामांविषयी जगभरात दरवर्षी हजारो शोधनिबंध प्रसिद्ध होत असतात. रुग्णसेवेत व्यग्र असलेल्या कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला ते सर्व वाचणे शक्य नाही. हे वाचन संगणकाकडे सोपवावे आणि विखुरलेल्या निष्कर्षांतून उपयुक्त दुवे वेचून काढावेत, या प्रयत्नांना कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे अलीकडच्या काळात मोठी गती मिळाली आहे.

भारताच्या दृष्टीने हा विषय केवळ तांत्रिक कुतूहलाचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दुसरीकडे, संशोधन नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना खुली करून देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेला २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी मंजुरी मिळालेली आहे. त्यापुढील करार करताना संशोधन वाचण्याचा हक्क केवळ माणसांसाठी घ्यायचा की त्यांच्या संगणकांसाठीही, हा प्रश्न धोरणकर्त्यांसमोर येणार आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मधुमेह आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा एकत्र उल्लेख झाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दृष्टिपटलाची छायाचित्रे तपासणारी यंत्रणा येते. गूगल कंपनीच्या संशोधकांनी अशा यंत्रणेची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालय आणि शंकर नेत्रालय यांचा त्या कामात सहभाग होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१८ मध्ये अशा एका स्वयंचलित यंत्रणेला मान्यताही दिली. प्रस्तुत विषय मात्र वेगळा आहे. येथे यंत्र रुग्णाचा डोळा पाहत नाही. डोळ्यांविषयी जे लिहिले गेले आहे ते वाचते.

समोर असूनही न दिसलेला निष्कर्ष

या वाचनाची गरज आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी फेनोफायब्रेट या औषधाच्या उदाहरणातून स्पष्ट होतात. रक्तातील ट्रायग्लिसराइड्स हा स्निग्ध घटक कमी करण्यासाठी हे औषध अनेक वर्षांपासून वापरात आहे. ते महाग नाही आणि भारतातही सर्वत्र मिळते.

हृदयविकार टाळण्यासाठी हे औषध उपयोगी पडते काय, हे पाहण्यासाठी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिनलंड येथे ‘फील्ड’ नावाची मोठी चाचणी घेण्यात आली. तिच्यात दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे ९,७९५ रुग्ण सहभागी होते. निष्कर्ष २००५ मध्ये जाहीर झाले तेव्हा हृदयविकाराच्या मुख्य कसोटीवर औषधाला निर्विवाद यश मिळाले नव्हते, आणि चर्चाही साहजिकच त्याचीच झाली. औषध घेणाऱ्या रुग्णांना डोळ्यांवर लेसर उपचार करून घेण्याची वेळ तुलनेने कमी आली, ही बाब मात्र सारांशात ओझरती नोंदली गेली होती. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, याच माहितीचे तपशीलवार विश्लेषण प्रसिद्ध झाले. लेसर उपचारांची गरज सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दाखवण्यात आले. पुढे २०१० मध्ये ‘अकॉर्ड’ या उत्तर अमेरिकेतील चाचणीच्या नेत्रविभागाचे निष्कर्ष आले. चार वर्षांत नेत्रविकार बळावण्याचे प्रमाण फेनोफायब्रेट घेणाऱ्यांत ६.५ टक्के, तर न घेणाऱ्यांत १०.२ टक्के आढळले.

ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये नेत्रविकाराची वाढ रोखण्यासाठी या औषधाच्या वापराला मान्यता दिली. अन्यत्र मात्र सावध भूमिका कायम राहिली, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. दोन्ही चाचण्या मुळात हृदयविकारासाठी आखलेल्या होत्या. ‘फील्ड’मधील छायाचित्रांच्या उपअभ्यासात सर्व रुग्णांचा एकत्रित विचार केला असता विकाराच्या वाढीत ठळक फरक दिसला नव्हता, आधीच विकार जडलेल्यांमध्ये तो दिसला. ही शंका दूर करण्यासाठी खास डोळ्यांसाठी आखलेली चाचणी हवी होती. ती स्कॉटलंडमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘लेन्स’ नावाच्या या चाचणीत नेत्रविकाराच्या सुरुवातीच्या अवस्थेतील १,१५१ रुग्ण होते. विकार पुढील तपासणी वा उपचार आवश्यक ठरण्याइतका वाढण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत २२.७ टक्के, तर औषधी गुण नसलेली गोळी घेणाऱ्यांत २९.२ टक्के राहिले.

तपशीलवार विश्लेषणापासून या चाचणीपर्यंत सतरा वर्षे गेली. हा निष्कर्ष कोणत्याही गुप्त दप्तरात नव्हता. तो जगातील नामांकित नियतकालिकांत छापलेला होता. पण हृदयविकाराचे निबंध वाचणारे आणि डोळ्यांचे निबंध वाचणारे तज्ज्ञ वेगवेगळे होते. अशा दोन कप्प्यांमधील भिंत ओलांडणे, हे यांत्रिक वाचनाचे खरे काम होय.

यंत्र वाचते म्हणजे काय करते

या कल्पनेचा उगम आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कितीतरी आधीचा आहे. शिकागो विद्यापीठातील माहितीशास्त्रज्ञ डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये एक साधा पण दूरगामी विचार मांडला. माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, असे सांगणारे निबंध एका बाजूला होते. थंडीत बोटांचा रक्तपुरवठा मंदावणाऱ्या रेनॉड विकारात रक्त अधिक दाट असते, असे सांगणारे निबंध दुसऱ्या बाजूला होते. दोन्ही गटांचा एकमेकांशी संपर्क नव्हता. ते एकत्र वाचले तर माशाचे तेल या विकारावर उपयोगी पडू शकेल असा तर्क निघतो, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९८८ मध्ये त्यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्यातील दुवाही अशाच पद्धतीने मांडला.

त्या काळात हे काम बहुतांशी हातानेच करावे लागे. आज अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या ‘पबमेड’ या सूचीत ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत. ही सूची १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. सुरुवातीच्या संगणकीय पद्धती दोन शब्द एकाच सारांशात किती वेळा येतात, याची मोजदाद करीत. २०१८ नंतर वाक्याचा संदर्भ लक्षात घेणारी भाषिक प्रारूपे आली. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१९ मध्ये खास जीववैद्यकीय मजकुरावर तयार केलेले ‘बायोबर्ट’ हे त्यांपैकीच एक. औषध कोणते, विकार कोणता, आणि त्यांच्यातील संबंध उपकाराचा की अपायाचा, हे ओळखण्याचे काम अशी प्रारूपे करतात. अगदी अलीकडची मोठी प्रारूपे तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सलग परिच्छेदात लिहून देतात.

या मार्गाने प्रत्यक्ष लाभ झाल्याचे उदाहरण कोरोना महासाथीच्या काळातले आहे. संधिवातावरील बॅरिसिटिनिब हे औषध कोरोनाच्या रुग्णांना उपयोगी पडू शकेल, असा अंदाज ‘बेनेव्होलंट एआय’ या ब्रिटिश कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये वर्तवला होता. शोधनिबंधांतून व अन्य वैद्यकीय माहितीतून संगणकाने जोडलेल्या दुव्यांचा त्याला आधार होता. त्यानंतर रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या आणि मे २०२२ मध्ये अमेरिकेत या वापराला पूर्ण मान्यता मिळाली. येथेही क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. यंत्राने अंदाज दिला. निर्णय चाचण्यांनी दिला.

वाचनातील धोके

यंत्राचे वाचन जलद असले तरी निर्धोक नाही. पहिली अडचण अगदी प्राथमिक आहे. डायबेटिक रेटिनोपॅथी या विकाराचे ‘डीआर’ हे संक्षिप्त रूप सर्रास वापरले जाते. परंतु प्रतिकारशक्तीच्या संशोधनात ‘एचएलए-डीआर’ ही संज्ञा पूर्णपणे वेगळ्या अर्थाने येते. हीच दोन अक्षरे कोठे मात्रा आणि परिणाम यांच्या संबंधासाठी, तर कोठे केवळ ‘डॉक्टर’ या अर्थाने वापरलेली असतात. ही सरमिसळ वेळीच रोखली नाही तर पुढचे सारे गणित चुकते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरील औषधाच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दृष्टिपटलाच्या गुंतागुंतीचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३ टक्के, तर इतरांत १.८ टक्के आढळले. केवळ शब्दांची सांगड घालणारे यंत्र यावरून औषध डोळ्यांना घातक असल्याचा निष्कर्ष सहज काढेल. तज्ज्ञांना मात्र याच संदर्भात १९९३ मधील ‘डीसीसीटी’ ही चाचणी आठवते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील या चाचणीत साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास नेत्रविकाराचा धोका मोठ्या प्रमाणात घटतो, हे निर्विवादपणे सिद्ध झाले. ज्यांना आधी हा विकार नव्हता, त्यांच्यात ही घट ७६ टक्के होती. तरीही ज्यांना विकार आधीपासून होता, अशा काही रुग्णांत साखर वेगाने खाली आल्यानंतर सुरुवातीच्या काळात तो बळावल्याचेही तेव्हा दिसले होते. सेमाग्लुटाइडच्या आकड्यांमागेही असेच कारण असावे, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. एकच उपचार प्रथम अपाय आणि दीर्घ मुदतीत उपकार करू शकतो, ही बाब ‘औषध’ आणि ‘विकार’ यांच्यामध्ये एक सरळ रेघ ओढून समजत नाही. त्यासाठी रुग्ण कोण होते आणि मोजमाप केव्हा झाले, हे वाचावे लागते.

तिसरा धोका वाचल्या जाणाऱ्या साहित्याच्या विश्वासार्हतेचा आहे. २०२३ या एकाच वर्षात जगभरात १० हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घेण्यात आले. त्यांतील बराच मोठा वाटा पैसे घेऊन बनावट निबंध तयार करणाऱ्या टोळ्यांच्या कारवायांशी निगडित होता. मागे घेतलेला निबंध माणसाच्या नजरेस पडला तर त्यावरील सूचना तो वाचू शकतो. प्रारूपाच्या स्मृतीत एकदा मुरलेला निष्कर्ष मात्र सहजासहजी पुसला जात नाही. त्यातच भाषिक प्रारूपे अस्तित्वात नसलेल्या निबंधांचे संदर्भ आत्मविश्वासाने देतात, असा अनुभव सर्वत्र आला आहे. मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये वैज्ञानिक साहित्यावर आधारलेले ‘गॅलॅक्टिका’ हे प्रारूप खुले केले होते. चुकीची माहिती विद्वत्तापूर्ण भाषेत मिळू लागल्याची टीका झाल्यानंतर अवघ्या तीन दिवसांत ते लोकांसाठी बंद करावे लागले.

भारतीय रुग्णांचे प्रतिबिंब

आता भारतापुरता विचार करू. भारतातील मधुमेही रुग्णांपैकी किती जणांना नेत्रविकार आहे, असा प्रश्न यंत्राला विचारला तर त्याच्यासमोर अनेक उत्तरे येतील. चेन्नई शहरातील २००५ मधील अभ्यास १७.६ टक्के सांगतो. राष्ट्रीय पातळीवरील २०१५ ते २०१९ या काळातील सर्वेक्षण १६.९ टक्के सांगते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये आदित्य ज्योत नेत्र रुग्णालयाने केलेल्या पाहणीत हे प्रमाण १५.३७ टक्के होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्मार्ट इंडिया’ अभ्यास १२.५ टक्के सांगतो.

यांपैकी कोणताही आकडा खोटा नाही. राष्ट्रीय सर्वेक्षण पन्नास वर्षांवरील लोकांचे होते, ‘स्मार्ट इंडिया’मध्ये चाळिशीपासूनचे लोक होते. काही अभ्यास शहरी वस्तीचे, तर काही ग्रामीण भागालाही कवेत घेणारे. छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीही निरनिराळ्या होत्या. या चार आकड्यांची सरासरी काढणारे यंत्र एक अर्थहीन पाचवा आकडा निर्माण करील. वय, वस्ती आणि तपासणीची पद्धत यांसह आकडा उचलणारे यंत्रच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या उपयोगी पडेल.

शिवाय, वर उल्लेखिलेल्या फेनोफायब्रेटच्या तिन्ही चाचण्या भारताबाहेर झाल्या, हेही विसरता येणार नाही. भारतीयांना मधुमेह तुलनेने कमी वयात जडतो. अनेकांचे निदान उशिरा होते आणि साखर दीर्घकाळ अनियंत्रित राहते. अशा रुग्णांसाठी यंत्राने दिलेले उत्तर मुळात कोणत्या देशातील रुग्णांवर बेतलेले आहे, हे त्या उत्तरासोबतच कळले पाहिजे. भारतात झालेले संशोधन जितके अपुऱ्या तपशिलांसह प्रसिद्ध होईल, तितके ते यंत्राच्या दृष्टीआड राहील आणि परदेशी आकडे आपोआप आपले मानले जातील.

वाचण्याचा हक्क कोणाला

या वाचनाची कायदेशीर बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘पबमेड’वर सारांश खुले असले तरी असंख्य निबंधांचा संपूर्ण मजकूर सशुल्क आहे. दुष्परिणाम, रुग्णांची निवड, उपअभ्यासांचे आकडे यांसारखे निर्णायक तपशील बहुधा संपूर्ण मजकुरातच असतात. केवळ सारांशांवर पोसलेले यंत्र अर्धवटच वाचते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना उपलब्ध करून देण्याची तरतूद आहे. सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांना त्याचा लाभ मिळावा, असा उद्देश असून तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला आहे. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु माणसाने निबंध उघडून वाचणे आणि संगणकाने लाखो निबंध एकत्रितपणे चाळणे, या दोन गोष्टी प्रकाशकांच्या लेखी सारख्या नाहीत. नेहमीच्या वर्गणी करारांत घाऊक यांत्रिक उतरणीला सहसा मनाई असते. त्याचबरोबर, मधुमेहजन्य नेत्रविकारांवरील भारतीय संशोधनाचा मोठा भाग धर्मादाय नेत्र रुग्णालयांतून येतो. योजनेचा पहिला टप्पा मात्र सरकारी संस्थांपुरता आहे.

अन्य देशांनी याबाबत कायदेशीर मार्ग काढले आहेत. ब्रिटनने २०१४ मध्ये अव्यापारी संशोधनासाठी मजकुराच्या संगणकीय विश्लेषणाला स्वामित्वहक्कातून सवलत दिली. जपानने २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि युरोपीय संघाने २०१९ मध्ये तसे निर्देश काढले. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संशोधनासाठी उचित वापराची तरतूद आहे. पण यांत्रिक विश्लेषणाचा स्वतंत्र उल्लेख नाही. या संदिग्धतेची चर्चा २०१९ मध्येच झाली होती. अमेरिकेतील कार्ल मालामुड यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या सहकार्याने ७ कोटी ३० लाख निबंधांचा संग्रह उभारून तो केवळ संगणकीय विश्लेषणासाठी खुला करण्याची योजना मांडली, तेव्हा तिच्या वैधतेविषयी जगभर मतभेद व्यक्त झाले होते. डिसेंबर २०२५ मध्ये उद्योग प्रोत्साहन व अंतर्गत व्यापार विभागाने जाहीर केलेल्या कार्यपत्रिकेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विकासकांसाठी सक्तीचा परवाना आणि हक्कधारकांना स्वामित्वधन, असा मार्ग सुचवण्यात आला. परंतु व्यापारी प्रारूप घडवणारी बलाढ्य कंपनी आणि एखाद्या विकाराविषयीचे साहित्य चाळणारे वैद्यकीय महाविद्यालय यांना एकाच मापाने मोजणे उचित ठरणार नाही.

पुढील दिशा

या पार्श्वभूमीवर काही गोष्टींचा अग्रक्रमाने विचार व्हावा असे वाटते. नियतकालिकांच्या पुढील करारात अव्यापारी वैद्यकीय संशोधनासाठी यांत्रिक वाचनाची मुभा स्पष्ट शब्दांत मागितली जावी आणि धर्मादाय रुग्णालयांना तिचा लाभ मिळावा. यंत्राच्या प्रत्येक विधानासोबत मूळ निबंध, त्यातील रुग्णांचा देश व वयोगट, आणि निबंध मागे घेतला गेला आहे काय याची नोंद बंधनकारक असावी. भारतात वैद्यकीय चाचण्यांची नोंदणी २००९ पासून अनिवार्य आहे. त्या नोंदींना निष्कर्षांची ठरावीक नमुन्यातील जोड मिळाली तर भारतीय रुग्ण यंत्राच्या नजरेत ठळकपणे येतील.

मात्र याहून मूलभूत धडा स्कॉटलंडच्या चाचणीत आहे. तेथे मधुमेहींच्या डोळ्यांची नियमित तपासणी करणारा राष्ट्रीय कार्यक्रम आधीपासून अस्तित्वात होता. त्या तपासण्यांच्या नोंदींवरूनच औषधाचा परिणाम मोजता आला. साहित्यातून निघालेला अंदाज खरा की खोटा, हे ठरवण्याची व्यवस्था तेथे तयार होती. आपल्याकडील राष्ट्रीय सर्वेक्षणात मधुमेह असल्याचे ठाऊक असलेल्या सुमारे ९० टक्के लोकांनी दृष्टिपटलाची तपासणी कधीच करून घेतलेली नसल्याचे आढळले होते. हा विकार प्रारंभी वेदना देत नाही आणि दृष्टी अंधूक होईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. म्हणूनच दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, आणि त्यानंतर सर्वसाधारणपणे दरवर्षी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. त्याचप्रमाणे, वर उल्लेखिलेली औषधे कोणीही स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करू नयेत. तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

यांत्रिक वाचनामुळे संशोधनातील दुर्लक्षित दुवे काही महिन्यांत समोर येऊ शकतील. ते पारखून घेण्यासाठी आणि रुग्णापर्यंत पोहोचवण्यासाठी लागणारी तपासणीची व्यवस्था मात्र जिल्हा रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतच उभी करावी लागेल. या दोन्ही कामांसाठी निधी आणि मनुष्यबळ एकाच वेळी मिळाले, तरच आज छापील पानांत पडून असलेल्या ज्ञानाचा उपयोग देशातील मधुमेही रुग्णांची दृष्टी वाचवण्यासाठी होऊ शकेल.